ताण न विसरणारा बोल्ट

रायपूरची पुरानी बस्ती महामाया मंदिराभोवती वसलेली आहे. तिच्या अरुंद गल्ल्यांत रात्री दिवे लागतात, त्यांमागे सुमारे २०० किलोमीटरवरील कोरबा परिसरातील औष्णिक केंद्रांचा मोठा आधार असतो. एनटीपीसीचे तेथील केंद्र १९८३ मध्ये सुरू झाले. अशा केंद्रांत ५४० अंश सेल्सिअसच्या आसपासची वाफ टर्बाइनमध्ये शिरते. टर्बाइनच्या आवरणाचे दोन अर्धे भाग जाड बोल्ट आवळून धरतात.

बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंगच होय. एक मीटर लांबीचा बोल्ट आवळताना जेमतेम दीड मिलिमीटर ताणला जातो. मूळ लांबीकडे परतण्याच्या त्याच्या ओढीनेच सांधा मिटलेला राहतो. उष्णतेत मात्र धातू सावकाश, कायमचा लांबतो. या ‘क्रीप’चा नियम अँड्रेड यांनी १९१० मध्ये शिशाच्या तारांवरील प्रयोगांतून मांडला. दीडपैकी एक मिलिमीटर वाढ कायमची झाली, की दोन तृतीयांश ताण संपतो. बोल्ट तुटत नाही, पण सांध्यातून डोळ्यांना न दिसणारी तप्त वाफ निसटू लागते.

मग न गंजणारे ऑस्टेनिटिक पोलाद का वापरू नये? कारण ते आवरणाच्या पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते. ५०० अंशांच्या वाढीत हा फरक मीटरमागे सुमारे दोन मिलिमीटर होतो, म्हणजे आवळताना दिलेल्या ताणाहूनही जास्त! म्हणून क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियम पोलाद पुढे आले. त्यातील व्हॅनेडियम कार्बाइडचे सूक्ष्म कण क्रीपला अडवतात.

जेट इंजिनासाठी १९४०च्या दशकात ब्रिटनमध्ये घडलेल्या निमोनिक मिश्रधातूंपैकी ‘८०ए’ पुढे टर्बाइनच्या बोल्टांतही आला. त्याचे प्रसरण पोलादाच्या जवळचे आणि क्रीप अत्यल्प. पण येथे उलटाच पेच निघाला. ५०० अंशांच्या आसपास दीर्घकाळ राहिल्यावर निकेल व क्रोमियमचे अणू नियमित रचनेत बसतात आणि धातू किंचित आकसतो. बोल्ट सैल होण्याऐवजी अधिकच ताणला जातो. काही तर त्यामुळे धोक्यात आले.

जुलै २०२४च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ८०० मेगावॉटच्या प्रगत अतिसंक्रांतिक प्रकल्पाची घोषणा झाली. तेथे वाफेचे तापमान ७०० अंशांपलीकडे जाईल आणि सर्वांत तप्त सांध्यांवर नेहमीचे पोलाद पुरणार नाही. निवडीचा प्रश्न मात्र तोच राहील: बोल्ट आज किती मजबूत आहे हा नव्हे, तर एक लाख तासांनंतर, म्हणजे ११ वर्षांहून अधिक काळानंतर, त्यात किती ताण उरलेला असेल हा.