न सरावणारा मेंदू : मुलांच्या अर्धशिशीचा इतिहास

भिवंडीत एकाच डोकेदुखीला किमान तीन भाषांत नावे आहेत. मराठी घरांत ती अर्धशिशी. उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांच्या उर्दूत आधासीसी. पद्मशाली विणकरांच्या तेलुगूत 'पार्श्वपु नोप्पि', म्हणजे एका बाजूची दुखी. युनानी वैद्यकात तिला शकीका म्हणतात आणि त्या अरबी शब्दाच्या मुळाशीही चिरणे, दुभंगणे आहे. दवाखान्यातला 'मायग्रेन' परका वाटला तरी तो ग्रीक 'हेमिक्रेनिया'चाच झिजून उरलेला तुकडा. त्याचाही अर्थ अर्धी कवटी. इतक्या दूरदूरच्या माणसांनी एकाच खुणेवरून रोगाला नाव द्यावे, हे निरीक्षणशक्तीचे मोठेच लक्षण. मात्र या 'अर्ध्या'तच एक अडचण दडली आहे आणि तिची झळ लहान मुलांना बसली, असे हा इतिहास वाचताना मला वाटत आले आहे.

आधी त्या निरीक्षणशक्तीचे श्रेय देऊ. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतला अर्धावभेदक अर्धे डोके फोडल्यासारखी वेदना देतो आणि पंधरा दिवसांनी, दहा दिवसांनी किंवा एकाएकी उठतो. दुसरा सूर्यावर्त. तो सूर्य चढेल तसा चढतो आणि उतरेल तसा उतरतो. वेदना कुठे आहे याबरोबर ती किती दिवसांनी, कोणत्या वेळी येते याचीही नोंद येथे झाली. आपल्याकडे अर्धशिशीवर सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खायला देतात. त्यातली सूर्योदयाची अट या जुन्या समजुतीचाच धागा असावा, असे मला वाटते. पश्चिमेकडे कॅपाडोशियाच्या अरिटियसने आणि गेलनने, पुढे इब्न सीनाने आपल्या 'कानून'मध्ये हाच विकार वर्णिला.

हे सारे चित्र मोठ्या माणसाचे. मुलांत ही वेदना बहुधा अर्ध्या डोक्याची नसतेच. ती कपाळभर, दोन्ही बाजूंना असते. मोठ्यांत झटका निदान चार तासांचा धरतात, मुलांत दोन तासांचाही असू शकतो. मूल ओकते, पोट धरते, फिकट पडते, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन निजते आणि उठल्यावर खेळायला धावते. अर्धे डोके दुखत नाही म्हणजे अर्धशिशी नाही, आणि दोन तासांनी खेळू लागले म्हणजे दुखतच नव्हते. शाळा चुकवण्याचे निमित्त, एवढाच अर्थ मग उरतो.

मुलांचे हे दुखणे पहिल्यांदा शिस्तीने मोजले गेले ते स्वीडनमध्ये. बो बिले या बालरोगतज्ज्ञाने उप्सालातील सात ते पंधरा वर्षांच्या ८,९९३ शाळकरी मुलांची पाहणी करून १९६२ मध्ये ती प्रसिद्ध केली. सात वर्षांच्या मुलांत अर्धशिशीचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास होते, पंधराव्या वर्षी पाचाच्या थोडे वर. बिले यांनी तीव्र त्रासाच्या ७३ मुलांचा माग पुढे चाळीस वर्षे ठेवला. ती मुले पन्नाशीच्या आसपास पोहोचली तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना अर्धशिशी होतीच. 'मोठं झाल्यावर जाईल' या आपल्याकडच्या घरगुती आश्वासनाला मिळालेले हे उत्तर आहे.

मोजणी झाली, पण आत काय घडते? १८७० मध्ये ह्यूबर्ट एअरी या इंग्रज वैद्याने डोकेदुखीआधी स्वतःच्या डोळ्यांपुढे पसरत जाणाऱ्या नागमोडी, किल्ल्याच्या तटासारख्या आकृतीची चित्रे रॉयल सोसायटीपुढे मांडली. १८७३ मध्ये एडवर्ड लिव्हिंग यांनी अर्धशिशीला 'मज्जातंतूंचे वादळ' ठरवले. १९४१ मध्ये कार्ल लॅशली यांनी स्वतःच्या दृष्टीतला सरकता डाग कागदावर उतरवून हिशेब केला की, मेंदूच्या दृष्टिकेंद्रावर काहीतरी मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर वेगाने पुढे जात असावे. तीनच वर्षांनी अरिस्टिडीस लेआंव या ब्राझिली संशोधकाला हार्वर्डमध्ये सशाच्या मेंदूवर विद्युत्-क्रिया मंदावत नेणारी लाट दिसली, आणि तिचा वेग जवळपास तोच निघाला. दोन्ही गोष्टी १९५८ मध्ये जोडल्या गेल्या. २००१ मध्ये बोस्टनच्या नूशिन हाजीखानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालू झटक्यात माणसाच्या मेंदूचे चुंबकीय चित्रण करून अशीच लाट टिपली. लॅशलींचा घरगुती हिशेब साठ वर्षांनी यंत्राने खरा केला.

मेंदूची वीज कवटीवरून नोंदवता येते हे दाखवले येना येथील हान्स बर्गर यांनी. पहिली नोंद १९२४ ची, निबंध १९२९ चा. त्यांनी ज्यांच्या डोक्याला तारा लावल्या त्यांत त्यांचा किशोरवयीन मुलगा क्लाउसही होता. मुलांच्या अर्धशिशीपर्यंत हे तंत्र पोहोचायला पुढे कित्येक दशके गेली. त्यातून जे हाती आले ते मला भिवंडीच्या संदर्भात फार अर्थपूर्ण वाटते.

प्रयोग साधा आहे. आधी एक इशारा द्यायचा, काही सेकंदांनी दुसरा, आणि दुसरा मिळताच बटण दाबायचे. या मधल्या वाट पाहण्यात मेंदूत एक संथ लाट उठते. ग्रे वॉल्टर यांनी ती १९६४ मध्ये ब्रिस्टलला दाखवली. हाच खेळ पुन्हा पुन्हा खेळला की निरोगी मोठ्या माणसाची लाट लहान होत जाते. मेंदू सरावतो. जर्मनीतल्या कील येथील गर्बर, क्रॉप आणि सिनिआच्किन यांना अर्धशिशीच्या रुग्णांत ही लाट ओसरताना दिसली नाही, विशेषतः झटक्याच्या आधीच्या दिवसांत. झटका येऊन गेला की ती पूर्ववत होई. सरावण्याची ही क्षमता वयाबरोबर पक्की होत जाते. म्हणून अर्धशिशी हा मेंदूच्या पक्वतेच्या वाटचालीतला फरक तर नव्हे, असा प्रश्न त्यांनी १९९९ मध्ये उपस्थित केला. सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात झटका चालू असताना मुलांना नुसती बोटे हलवायला सांगून मेंदूचे चुंबकीय क्षेत्र मोजले, तेव्हा एवढ्याशा हालचालीलाही त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद इतर मुलांपेक्षा वेगळा आढळला. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नॉर्वेतील ट्रोंडहाइमच्या संशोधकांनी कोण रुग्ण आणि कोण निरोगी हे तपासणाऱ्यापासून लपवून दृष्टीच्या संवेदनांवर मोजमाप केले, तेव्हा सरावण्यातला हा फरक त्यांना सापडला नाही. वाद मिटलेला नाही.

तरीही ही कल्पना घेऊन भिवंडीच्या गल्लीत उभे राहून पाहावे. हे शहर सरावावर चालते. साध्या यंत्रमागाचा धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे फेकला जातो. असे माग एकाच शेडमध्ये ओळीने असतात, पाळ्या रात्रभर चालतात आणि कित्येक गल्ल्यांत माग आणि बिछाना यांच्यामध्ये एक भिंत असते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा कागदावर आहे. नवख्याला येथे बोलणे ऐकू येत नाही, राहणाऱ्याला खडखडाट ऐकू येत नाही. माग बंद पडले तर झोपमोड होते. 'सवय होते,' हे येथले उत्तर खोटे नाही. बहुतेकांना होतेच. मागांमुळे अर्धशिशी जडते असे मी म्हणत नाही. पण आवाज आणि उजेड सहन न होणे हे या रोगाच्या निदानाचेच एक लक्षण आहे, आणि लहान मुलाला ते सांगता आले नाही तर वागण्यावरून ओळखावे, असे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. अंधारी, शांत खोली शोधणारे मूल हीच खूण. ज्या घरात अशी खोलीच नाही तेथे ही खूण दिसायची कशी?

त्यात भर पडते ती तपासणीच्या कागदाची. पोटाला चिमटा काढून आईबाप मेंदूचा आलेख काढून आणतात, त्यावर 'नॉर्मल' लिहिलेले असते, आणि तोच कागद मुलाविरुद्ध पुरावा होतो. वास्तविक वारंवार डोके दुखणाऱ्या मुलाचा आलेख सरसकट काढू नये, असे अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीने २००२ मध्येच सांगितले आहे. तो अपस्मारासारख्या शंकेसाठी असतो. वर सांगितलेल्या लाटा शेकडो प्रतिसादांची सरासरी काढून, गटागटांची तुलना करून दिसतात. एका मुलाच्या एका कागदावर त्या वाचता येत नाहीत. आलेख नॉर्मल असणे आणि वेदना नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

औषधांची गोष्टही नम्र करणारी आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत आठ ते सतरा वर्षांच्या ३६१ मुलांना अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट किंवा नुसती साखरगोळी दिली. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने घटले ते अनुक्रमे ५२, ५५ आणि ६१ टक्के मुलांत. औषधांची सरशी होण्याची आशा नाही म्हणून चाचणी लवकर थांबवली. यावरून 'सगळे मनाचे खेळ' म्हणणे सोपे आहे. मला त्यात दुसरेही काही दिसते. तिन्ही गटांतल्या मुलांना कोणीतरी विचारत होते, लिहून घेत होते, गांभीर्याने ऐकत होते. शिवाय जुनाट अर्धशिशीच्या मुलांना औषधाच्या जोडीला वेदनेशी जुळवून घेण्याचे मानसिक प्रशिक्षण दिले तर त्यांचे दुखण्याचे दिवस अधिक घटतात, हे २०१३ च्या चाचणीत दिसले होते.

महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस डोकेदुखी, त्यांतले निदान आठ दिवस अर्धशिशीच्या लक्षणांचे, आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ : जुनाट अर्धशिशीची ही व्याख्या कोणत्याही यंत्राने नव्हे, दिवस मोजून ठरते. दहा दिवसांनी की पंधरा, हे सुश्रुताने विचारले होते. तोच प्रश्न आजही पहिला आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुखण्याच्या दिवशी पेन्सिलीने एक फुली मारायची, किती वेळ दुखले, उलटी झाली का, आदल्या रात्री झोप आणि सकाळी खाणे झाले होते का, एवढे बाजूला लिहायचे. तीन महिन्यांची ती पाने घेऊन डॉक्टरांकडे जायचे आणि त्यांची नक्कल वर्गशिक्षकांनाही द्यायची. सरावत नसलेल्या मेंदूच्या मुलासाठी शाळेत एखादी बंद खिडकीची खोली आणि अर्ध्या तासाची मुभा मिळाली, तर पुष्कळ काम होईल.