बुरशी, गोळी आणि मधुमेह

मधुमेहासारखी मोठी जोखीम असणाऱ्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली असावे, असे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये सुचवले. या शिफारशीमागे अर्धशतकाचा इतिहास आहे.

जपानमध्ये अकिरा एंडो यांनी बुरशीचे सुमारे ६,००० वाण तपासून १९७३ मध्ये पहिले स्टॅटिन वेगळे केले. शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतासह पेशींमध्येच तयार होते. म्हणूनच नुसत्या पथ्याला मर्यादा पडते. स्टॅटिन ही निर्मिती रोखते आणि यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते.

पण एलडीएल फारसे वाढलेलेच नसेल, तर गोळी कशासाठी? शंका रास्त होती. तिचे उत्तर २००४ मध्ये ‘कार्ड्‌स’ चाचणीने दिले. ब्रिटन व आयर्लंडमधील टाइप-२ मधुमेहाच्या, पण हृदयविकार नसलेल्या २,८३८ रुग्णांपैकी निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम अटोर्व्हास्टॅटिन दिले गेले. त्यांच्यात हृदयविकार व पक्षाघाताच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी घडल्या. चाचणी दोन वर्षे आधीच थांबवावी लागली.

स्टॅटिनमुळे रक्तशर्करा किंचित वाढू शकते, हेही खरे. अमेरिकेत २०१२ पासून औषधाच्या माहितीपत्रकात तशी सूचना असते. मात्र तेवढ्यावरून मधुमेहीने परस्पर गोळी सोडणे हा तोट्याचा सौदा ठरतो. भारतीय रुग्णांत बहुधा ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि एचडीएल उणे असते. तेथे मैदा, साखर व पांढरा भात कमी करण्याचा गुण गोळीच्या जोडीने दिसतो.