कामगारांची नुकसानभरपाई : दयेपासून हक्कापर्यंत

आजच्या भाषणाचा विषय कायद्याचा आहे खरा. परंतु मी वकील नाहीं, आणि कलमांचा कीस काढण्याचा माझा विचारहि नाहीं. कामावर असतां हात किंवा पाय गमावलेल्या माणसास भरपाई मिळणें हा त्याचा हक्क आहे, ही गोष्ट आज आपणांस स्वाभाविक वाटते. ती मान्य होण्यास किती काळ लागला, तेवढेंच मला सांगावयाचें आहे.

१८८४ सालच्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईस गिरणीकामगारांच्या सभा भरल्या. पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंडे यांचा. महात्मा फुले यांचे हे अनुयायी ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते. या सभांत एक अर्ज संमत झाला व सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांनिशीं तो फॅक्टरी कमिशनपुढें ठेवण्यांत आला. त्यांत मागण्या पांच होत्या. रविवारीं पूर्ण सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत, या चार मागण्या पुष्कळांनीं ऐकल्या असतील. पांचवीकडे मात्र लक्ष थोडें जातें. ती अशी कीं, काम करीत असतां गंभीर दुखापत होऊन कामगार कांहीं काळ निकामी झाला, तर बरा होईपर्यंत त्यास पूर्ण पगार मिळावा. आणि तो जन्माचा अधू झाला, तर त्याच्या उपजीविकेची योग्य तरतूद व्हावी.

ही मागणी त्या काळच्या कायद्याच्या फार पुढें होती. आपल्याकडील न्यायालयांवर ज्या इंग्रजी कायद्याची छाया होती, त्यांत १८३७ सालीं प्रीस्टली विरुद्ध फौलर हा खटला गाजला. एका खाटकाकडील नोकर मालाच्या गाडींतून जात असतां अति ओझ्यामुळें गाडी मोडली, आणि त्याबरोबर त्याची मांडीहि मोडली. ज्यूरीनें त्यास शंभर पौंड देवविले. परंतु वरिष्ठ न्यायालयांत लॉर्ड अ‍ॅबिंजर यांनीं तो निकाल फिरविला. असली जबाबदारी एकदां धन्यावर घातली, तर तिला अंतच राहणार नाहीं, हें त्यांचें म्हणणें. पुढें या विचारांतून धन्याच्या हातीं तीन ढाली आल्या. अपघात सोबत्याच्या चुकीनें झाला, तर धनी सुटे. जखमी माणसाचा स्वतःचा हलगर्जीपणा दिसला, तरी धनी सुटे. आणि धोका ठाऊक असून नोकरी धरली, म्हणूनहि धनी सुटे.

हिंदुस्थानांत १८५५ च्या कायद्यानें, दुसऱ्याच्या गैरकृत्यामुळें मरण पावलेल्या माणसाच्या कुटुंबास दाव्याचा मार्ग खुला झाला होता. पण दावा म्हटला कीं चूक सिद्ध करणें आलें, वकील आला, साक्षीदार आले. आणि साक्षीदार म्हणजे बहुधा त्याच धन्याचे नोकर! कोंकणांतील एखाद्या खेड्यांतल्या विधवेनें हें सारें कसें करावें?

योगायोग असा कीं, त्याच १८८४ सालच्या जुलैमध्यें जर्मनींत बिस्मार्कच्या राजवटींत अपघातविम्याचा कायदा झाला. मालकांच्या संघांनीं वर्गणी काढून भरपाईचा खर्च सोसावा, आणि चूक कोणाची हा प्रश्न उकरूं नये, असें त्याचें तत्त्व. १८९७ सालीं इंग्लंडनेंहि चुकीची अट सोडली. यंत्र मोडलें तर दुरुस्तीचा खर्च धंद्याच्या वहींत पडतो. मग माणूस मोडला, तर तो खर्च त्याच्या एकट्याच्या घरावर कां पडावा, हा त्यामागील विचार होय.

त्याच १८९७ सालीं लोखंडे वारले. आठवड्याची सुटी त्यांच्या हयातींत मिळाली. पांचवी मागणी राहून गेली. पहिल्या महायुद्धानंतर गिरणगांवांत मोठे संप झाले, १९१९ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर संघटना निघाली, आणि मध्यवर्ती कायदेमंडळांत नारायण मल्हार जोशी कामगारांच्या वतीनें बोलूं लागले. १९२३ सालीं कामगार-नुकसानभरपाईचा कायदा संमत होऊन १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला. अर्जापासून जवळजवळ चाळीस वर्षें लोटलीं होतीं.

या कायद्यानें प्रश्नच बदलला. अपघात कामामुळें व काम चालूं असतां घडला, एवढें ठरलें कीं पुरे. धन्याची चूक दाखविण्याची गरज उरली नाहीं. जन्माचा सर्वस्वीं निकामी झालेल्या प्रौढ कामगारास ४२ महिन्यांचा पगार, पण ३५०० रुपयांपर्यंतच. मृताच्या आश्रितांस ३० महिन्यांचा, २५०० रुपयांपर्यंत. शिवाय अवयवांची एक यादी जोडलेली होती. अंगठा गेला तर कमाईची शक्ति शेंकडा २५ नें घटली असें धरावयाचें, तर्जनी गेली तर १० नें, एक डोळा गेला तर ३० नें.

त्रैराशिक मांडून पाहूं. समजा, महिना ३० रुपये मिळविणाऱ्याचा अंगठा गेला. ४२ महिन्यांचे १२६० रुपये, आणि त्यांचा चतुर्थांश ३१५ रुपये. हा हिशेब ऐकून अंगावर कांटा येतो. माणसाच्या अंगठ्याला ३१५ रुपये ही कसली किंमत! परंतु त्यापूर्वीं ती किती होती? साहेबाची मर्जी असली तर हातावर कांहीं पडे, नसली तर नाहीं. आतां हे ३१५ रुपये मागण्यास कोणाचे पाय धरावे लागत नव्हते. भरपाईचा हक्क सोडल्याचा करार लिहून घेतला, तरी तो रद्द ठरे.

कायद्यांत उणिवाहि होत्या. लोखंडे यांच्या अर्जांत बरा होईपर्यंत पूर्ण पगार मागितला होता. कायद्यानें पहिले दहा दिवस वगळून पुढें अर्ध्या पगाराइतकीच रक्कम दिली. ही अट १९५९ सालीं तीन दिवसांवर आली. सोबत्याच्या चुकीची जुनी ढाल आपल्याकडे १९३८ च्या कायद्यानें मोडली. इंग्लंडांत ती १९४८ पर्यंत शाबूत होती. मालकच बुडाला तर काय, या प्रश्नावर विमा हा उपाय. प्राध्यापक भा. पु. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालांतून कामगार राज्य विम्याचा १९४८ चा कायदा निघाला. संविधानाच्या अनुच्छेद ४१ नेंहि आजारांत व अपंगत्वांत सार्वजनिक साहाय्य मिळावें, हें राज्याचें धोरण ठरविलें. २०२० सालीं संसदेनें संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेंत हे दोन्ही विषय एकत्र आले आहेत.

१९९५ च्या दुरुस्तीनें आणखी एक गोष्ट झाली. अपघात कोठेंहि घडो, कामगार वा त्याचे आश्रित जेथें राहतात, तेथील आयुक्ताकडे अर्ज करण्याची मुभा मिळाली. कोंकणांतल्या त्या विधवेस मुंबईचे हेलपाटे घालण्याचें कारण उरलें नाहीं. मात्र अर्ज तिनें करावयास हवा, आणि तत्पूर्वीं आपला असा हक्क आहे हें तिला कोणीतरी सांगावयास हवें. १८८४ सालीं साडेपांच हजार माणसांनीं, त्यांतील कित्येकांना अक्षरओळखहि नसेल, हा हक्क मागितला. आपण साक्षर मंडळींनीं निदान तो शेजाऱ्यास वाचून दाखवावा, एवढीच विनंती आहे.