स्क्रीन रीडर म्हणजे काय? तुमची पोस्ट त्याला वाचता येते का?

दृष्टिहीन व्यक्ती मोबाइल किंवा संगणक कसा वापरतात? स्क्रीन रीडरच्या मदतीने. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर, बटणे आणि लिंक आवाजात वाचून दाखवते. अँड्रॉइडमध्ये ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ ही सोय असते. विंडोजसाठी ‘एनव्हीडीए’ मोफत मिळते. मायकल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये ते बनवायला सुरुवात केली.

अडचण कुठे येते?
स्क्रीन रीडर टाइप केलेली अक्षरे वाचतो. तीच सूचना फोटो म्हणून टाकली, तर अनेकदा फक्त ‘इमेज’ एवढेच ऐकू येते. पाणी कधी येणार, परीक्षेचा अर्ज कधीपर्यंत भरायचा, हे कळतच नाही. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधले मराठीही निरर्थक ऐकू येते.

तुम्ही काय करू शकता?
• फोटोसोबत त्यातला मजकूर टाइप करा.
• फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्सवर ‘ऑल्ट टेक्स्ट’मध्ये फोटोत काय आहे ते एका वाक्यात लिहा.
• मराठी युनिकोडमध्येच लिहा.

ही केवळ मदत नाही. डिजिटल सेवा वापरता येणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी स्पष्ट केले आहे.