छातीवरची गाडी

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या गाडीवेड्या पोरांची १९५०च्या दशकात एक अडचण होती. गाडीत कितीही जीव ओतला तरी ती वर्गात नेता येत नसे. आणि पुष्कळांकडे तर गाडीच नव्हती. वय तेरा-चौदा, परवाना नाही, खिसा रिकामा, डोक्यात मात्र चोवीस तास इंजिन. या पोरांना गाडीवाल्यांच्या जमातीत आणणारी वस्तू त्या दशकाच्या अखेरीस मिळाली. ती म्हणजे रंगवलेला टी-शर्ट.

आज अमेरिकेत जुन्या गाड्यांचा मेळा कुठेही भरला, तरी एका टेबलावर त्या वर्षीच्या टी-शर्टांच्या घड्या रचलेल्या असतातच. छातीवर डाव्या बाजूला छोटं चिन्ह, पाठीवर गाडीचं भलंमोठं चित्र, खाली गावाचं नाव आणि साल. हा साचा इतका रुळला आहे की तो कुणी घडवला असेल असं वाटतही नाही. पण त्यालाही इतिहास आहे, आणि तो चांगलाच रंगीत आहे.

सुरुवात वाळवंटातली. मोहावे वाळवंटातल्या मुरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचं अनावश्यक अंग काढून टाकायची आणि त्या सुसाट पळवायची. १९३७ साली तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. या क्लबांच्या खुणा दोन: गाडीच्या मागे लावायची ओतीव अॅल्युमिनियमची पाटी आणि पाठीवर क्लबचं नाव असलेलं जाकीट. दोन्ही मिळवायचं तर सभासद व्हावं लागे, आणि सभासद व्हायचं तर गाडी हवी. बघ्याला तिथे काहीच नव्हतं.

मग गाड्या शहरात आल्या. जानेवारी १९४८मध्ये लॉस एंजेलिसच्या नॅशनल गार्ड आर्मरीत या असोसिएशनने हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी अशा बदललेल्या जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवलं. ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक रॉबर्ट पीटरसनने त्याच इमारतीच्या पायऱ्यांवर २५ सेंटला विकला. १९५०पासून ओकलंडचा रोडस्टर शो सुरू झाला. आता तिकीट काढून येणारे बघे गाडीवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त झाले. बघ्याला घरी काहीतरी न्यायचं असतं, हे जत्रा भरवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही.

टी-शर्ट तोवर खरं तर आत घालायचं कापड होतं. अमेरिकी नौदलाने १९१३च्या सुमारास गणवेशाच्या आतून घालायला तो दिला. दुसऱ्या महायुद्धात त्याच्यावर अक्षरं उमटू लागली. जुलै १९४२च्या एका अंकात ‘लाइफ’च्या मुखपृष्ठावर हवाई दलाच्या नेमबाजी शाळेचं नाव छातीवर मिरवणारा सैनिक दिसतो. १९४८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवार थॉमस ड्यूईच्या प्रचाराचे टी-शर्ट निघाले. त्यांपैकी एक स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पण हे सगळं वरून आलेलं: सरकारने दिलं, पक्षाने वाटलं, माणसाने घातलं. पुढे १९५१मध्ये मार्लन ब्रँडोने आणि १९५५मध्ये जेम्स डीनने पडद्यावर पांढरा टी-शर्ट उघडपणे घातला आणि आतलं कापड बाहेर आलं. तरी ते कोरंच होतं. त्यावर स्वतःच्या मनातलं काही काढून घ्यावं ही कल्पना पसरवण्यात मोटारींच्या रंगाऱ्यांचा वाटा मोठा आहे.

त्यांच्याकडे हत्यार तयार होतं. गाडीच्या पत्र्यावर ज्वाळा काढायच्या, एका रंगातून दुसरा अलगद उमटवायचा, तर एअरब्रश लागतो. दाबाखालच्या हवेने रंगाचा बारीक फवारा उडवणारं हे पेनासारखं यंत्र. तोच फवारा पत्र्याऐवजी सुती कापडावर मारायचा, एवढाच फरक. केनेथ हॉवर्ड ऊर्फ फॉन डच हा गाड्यांवर बारीक रेघांची नक्षी काढणारा अवलिया आणि हॉलिवूडच्या गाड्या रंगवणारा डीन जेफ्रीज, दोघांनीही कापडावर हात चालवला. यात पहिला कोण, यावर त्या वर्तुळात आजही वाद झडतात. वाद मिटण्यासारखा नाही, कारण एका दुकानातली युक्ती आठवड्यात दुसऱ्या दुकानात पोचत असे.

चित्रं मात्र एका घराण्याची. डोळे खोबणीतून बाहेर, जीभ लोंबणारी, सुळे बाहेर. असा राक्षस चिमुकल्या गाडीत मावत नाही म्हणून छतातून बाहेर आलेला, एका हातात आभाळाला टेकलेला गिअरचा दांडा, मागच्या चाकांतून धूर. खाली क्लबचं किंवा खुद्द गिऱ्हाइकाचं नाव. या शर्टांना ‘वीर्डो’, म्हणजे विक्षिप्त म्हणत. ‘कार क्राफ्ट’ मासिकाच्या ऑगस्ट १९५९च्या अंकापर्यंत त्यांचं वेड शिगेला पोचलं होतं, आणि त्या वेडाच्या अग्रभागी एड रॉथ होता.

रॉथचा जन्म १९३२ला बेव्हर्ली हिल्समध्ये झाला. पत्ता श्रीमंती, घर साधं, जर्मन बोलणारं. हवाई दलातून परतल्यावर त्याने सिअर्स या दुकानसाखळीत सजावट विभागात नोकरी धरली. घरात पाच मुलगे. पगार पुरेना, म्हणून रात्री गाड्यांवर रेघा मारायच्या आणि शनिवार-रविवार प्रदर्शनांत शर्ट रंगवायचे. धंद्याची नस त्याला तिथेच सापडली. लोक गोळा व्हायला गाडी हवी, पैसे यायला शर्ट हवा. १९५९ला त्याने फायबरग्लासची ‘आउटलॉ’ बांधली, १९६१ला पारदर्शक घुमटाची ‘बीटनिक बँडिट’. दोन्हींचा खर्च बराचसा शर्टांच्या गल्ल्यातून निघाला. गाड्यांच्या इतिहासात रॉथला शिल्पकाराचा मान मिळतो आणि तो रास्तच आहे. पण त्या शिल्पाला पैसा पुरवला तो खिशात मोजके डॉलर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या शाळकरी पोरांनी, हे क्वचितच कुणी लिहितं.

त्याचं सगळ्यात गाजलेलं पात्र म्हणजे रॅट फिंक. हिरवा, ढेरपोट्या, लाळ गाळणारा उंदीर. अंगात लाल कपडे आणि त्यांवर आर. एफ. ही अक्षरं. डिस्नेलँड १९५५ला अनाहाइममध्ये उघडलं होतं, रॉथचं मेवुडमधलं दुकान तिथून फार लांब नव्हतं. नीटनेटक्या मिकीला या उंदराने दिलेलं उत्तर पोरांना न सांगता कळलं. आयांना आवडलं नाही, हा तर विक्रीला फायदाच. रेव्हेल कंपनीने रॉथच्या गाड्यांचे आणि राक्षसांचे प्लास्टिकचे जोडसंच काढले. एका संचामागे त्याला एक सेंट मानधन होतं, आणि १९६३ साली त्यातून ३२,००० डॉलर आले. म्हणजे एका वर्षात बत्तीस लाख संच! कंपनीनेच त्याला ‘बिग डॅडी’ हे नाव चिकटवलं. त्याच वर्षी टॉम वुल्फ हा पत्रकार या रंगाऱ्यांच्या जगात शिरला, आणि ‘एस्क्वायर’मधल्या त्याच्या लेखाने न्यूयॉर्कच्या सुशिक्षित वाचकाला या मंडळींची दखल घ्यायला लावलं.

एक माणूस ठेल्यावर उभा राहून रंगवून रंगवून किती शर्ट रंगवणार? मासिकांतल्या जाहिराती वाचून टपालाने मागणी येऊ लागल्यावर हात तोकडे पडले. तिथून पुढचा धंदा छपाईचा.

जाळीच्या चौकटीतून रंग ढकलून छापायची पद्धत जुनीच. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. अडचण होती शाईची. पाण्यातली शाई जाळीतच वाळून भोकं बुजवते. १९५९ला प्लास्टिसॉल शाई आली. पीव्हीसीचे सूक्ष्म कण मऊकारक द्रवात कालवलेली ही शाई साधारण १६० अंश सेल्सिअसची उष्णता मिळेपर्यंत वाळतच नाही. जाळीवर रात्रभर राहिली तरी सकाळी काम पुढे चालू. शिवाय ती धाग्यात न मुरता वर बसते, त्यामुळे काळ्या कापडावर पिवळी ज्वाळा पिवळीच दिसते. तिचा किंचित रबरी स्पर्श टी-शर्ट घालणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा. मायकेल व्हॅसिलँटोन यांनी १९६०पासून अनेक रंग गोल फिरवत छापणारं यंत्र वापरात आणलं, त्याचं पेटंट १९६९ला मिळालं. मुळात ते बोलिंग संघांच्या कपड्यांवर नावं छापायला केलं होतं.

या यंत्राने धंद्याचं गणित पालटलं. चौकट बसवायला लागणारा वेळ एका शर्टाला आणि पाचशे शर्टांना सारखाच, म्हणून छापखाना ‘किमान इतके हवेत’ म्हणतो. रंग वाढले की चौकटी वाढतात, म्हणून क्लबचा चिटणीस दोन रंगांवर तडजोड करतो. एक्सएल किती आणि मिडियम किती, याचा अंदाज महिनाभर आधी बांधावा लागतो, आणि साल छापलेलं असल्यामुळे उरलेला माल पुढच्या वर्षी कुणी हातात धरत नाही. खर्च काढायला गावातल्या गॅरेजपासून बँकेपर्यंत सगळ्यांची नावं पाठीवर येतात. मुंबई-ठाण्यातल्या गोविंदा पथकांचे टी-शर्ट पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. तिथे पथकाच्या नावापेक्षा पुरस्कर्त्या नेत्याचा हसरा चेहराच मोठा असतो.

ठेल्यावरची कला काही मेली नाही, ती दुसऱ्या वाटेला लागली. डेट्रॉइटमध्ये वाढलेला स्टॅनली माउस पोरवयातच गाड्यांच्या प्रदर्शनांत एअरब्रशने शर्ट रंगवायचा. १९६५मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि आल्टन केलीबरोबर संगीताच्या कार्यक्रमांची भित्तिपत्रकं करू लागला. ग्रेटफुल डेड या बँडची गुलाबांनी मढलेली कवटी ही त्या जोडीचीच. १९७१ला दोघांनी मॉन्स्टर कंपनी काढून टी-शर्टच छापायला घेतले. म्हणजे रॉक बँडचा टी-शर्ट घालून हिंडणाऱ्या माणसाच्या अंगावर गाड्यांच्या जत्रेचाही थोडा वारसा असतो.

लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन-अमेरिकन लोरायडर क्लबांची, म्हणजे गाडी जमिनीलगत बुटकी करून फिरवणाऱ्यांची, तऱ्हा निराळी. १९६२ला सुरू झालेला ड्यूक्स हा त्यांतला एक जुना क्लब. अशा क्लबांत नाव लिहिलेला कपडा हा गणवेश. तो पैसे टाकून मिळत नाही, जुन्या वाळवंटी जाकिटासारखा कमवावा लागतो.

याच्या अगदी उलट टोकाला वुडवर्ड ड्रीम क्रूझ हा गाड्यांचा मेळा. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर १९०९मध्ये अमेरिकेतला काँक्रीटच्या महामार्गाचा पहिला मैल झाला, आणि साठच्या दशकात तिथे संध्याकाळी गाड्या फिरवणं हा पोरांचा नित्यनेम होता. फर्नडेल या उपनगरात फुटबॉलच्या मैदानासाठी पैसे हवे होते. प्लंबिंगचा व्यवसाय करणाऱ्या नेल्सन हाउस यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या फिरण्याची आठवण जागवायचं ठरवलं. ऑगस्ट १९९५च्या पहिल्या क्रूझला अडीच लाखांच्या आसपास लोक आले. आता ती मोटारींच्या जगातल्या सर्वांत मोठ्या एकदिवसीय मेळ्यांपैकी एक मानली जाते. रस्ता सार्वजनिक, तिकीट नाही. त्यामुळे इथे छापील टी-शर्ट हेच तिकीट म्हणायचं, फक्त ऐच्छिक. रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर मागच्या कुठल्याकुठल्या वर्षांचे विटलेले टी-शर्ट असतात, आणि जितकं साल जुनं तितकी खुर्चीवाल्याची ऐट जास्त.

फॉन डचच्या नावाचं नशीब वेगळंच निघालं. तो १९९२ला वारला, मुलींनी नावाचे हक्क विकले, आणि २००३च्या सुमारास ते नाव पॅरिस हिल्टनसारख्या तारकांच्या टोप्यांवर झळकलं. त्या टोप्या घालणाऱ्यांपैकी कितींना माहीत असेल की हा माणूस गाड्यांवर रेघा मारायचा!

या शतकात कापडावर थेट शाई फवारणारी डिजिटल यंत्रं आली आणि एकच शर्ट छापणं पुन्हा परवडू लागलं. स्वतःच्या गाडीचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा, शर्ट घरपोच. चिटणीसाचा उरलेल्या मालाचा घोर गेला. पण फोटोतली गाडी फोटोसारखीच येते, छतातून बाहेर पडणारा राक्षस काही यंत्र आपणहून घालत नाही. तो हवा असेल, तर यूटा राज्यातल्या मँटाय या छोट्या गावी जावं लागतं. रॉथ उतारवयात तिथे राहिला आणि ४ एप्रिल २००१ला तिथेच गेला. त्याच्या स्मरणार्थ तिथे रॅट फिंक मेळावा भरतो. रेघा मारणारे कारागीर ब्रश घेऊन येतात, गाड्या रांगेत लागतात, आणि हिरव्या उंदराचे टी-शर्ट विकले जातात.