कॅशेची स्मृती : एका नावाचा इतिहास

भारतात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. पुढे डिसेंबर 2002 मध्ये यूजीसी-इन्फोनेट योजनेने विद्यापीठे अर्नेटच्या जाळ्यास जोडण्याचे कार्य आरंभिले. कोल्हापूरसारख्या महानगरांपासून दूरच्या विद्याकेंद्रांत एकच अरुंद जोडणी अनेकांनी वाटून घ्यावयाची, तेव्हा कॅशे राखणाऱ्या प्रॉक्सी सर्व्हरचे महत्त्व सहज ध्यानी येते. एकाने मागविलेले पृष्ठ तो जवळ ठेवतो व दुसऱ्याने मागताच तेथूनच देतो.

या पद्धतीचे विवेचन लुओटोनेन व आल्टिस यांनी 1994 मध्ये जिनिव्हा येथील पहिल्या वेब-परिषदेत केले. अमेरिकेतील हार्वेस्ट प्रकल्पाच्या कॅशेवरून ड्युएन वेसल्स यांनी 1996 मध्ये ‘स्क्विड’ सिद्ध केला. तो विनामूल्य असल्याने त्याचा प्रसार झपाट्याने झाला. त्याबरोबर एक तक्रारही सर्वत्र उद्भवली. आरंभी चपळ असलेला सर्व्हर काही दिवसांत स्मृती व्यापीत जातो व अखेर मंदावतो, अशी ती तक्रार होय.

या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा एका शब्दाचा अर्थ होता. स्क्विडच्या ‘कॅशे-मेम’ या निर्देशाने संपूर्ण कार्यक्रमाच्या स्मृतीस मर्यादा पडते, असा व्यवस्थापकांचा समज होई. वस्तुतः ती मर्यादा केवळ स्मृतीत ठेवावयाच्या पृष्ठांपुरती असते. डिस्कवरील प्रत्येक वस्तूची नोंद स्मृतीतच राहते, तिचा हिशेब निराळा. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील रुमाल वाढले की त्यांची सूचीही वाढावयाचीच. तसेच हे आहे. डिस्कवरील प्रत्येक गिगाबाइटमागे सुमारे 10 मेगाबाइट स्मृती सूचीसाठी लागते, असा स्क्विडचा जुना ठोकताळा आहे. म्हणजे 20 गिगाबाइटांच्या साठ्यास 200 मेगाबाइट केवळ सूचीकरिता हवेत. 256 मेगाबाइटांच्या यंत्रात मग उरते ते काय? वेग वाढावा म्हणून साठा वाढविणाराच अशा रीतीने मंदगतीस निमंत्रण देत असे.

स्मृती अपुरी पडताच कार्यप्रणाली तिचा काही भाग डिस्कवर हलविते. तो परत येईपर्यंत स्क्विडची एकमेव मुख्य प्रक्रिया खोळंबते आणि तिच्याबरोबर सर्व वाचकही. म्हणून मागण्यांच्या मानाने असे खोळंबे किती झाले, हे प्रथम पाहावे लागते. साठा भरल्यावर वाढ थांबली, तर ती बहुधा सूचीची वाढ होय. त्यानंतरही ती अखंड चालू राहिली, तरच गळतीचा संशय घेणे युक्त ठरते. पहिल्या प्रसंगी साठा वा ‘कॅशे-मेम’ कमी करावा किंवा स्मृती वाढवावी. केवळ सर्व्हर पुन्हा सुरू केल्याने दोष काही काळ झाकला जातो, इतकेच.

आज बहुतेक पृष्ठे कूटबद्ध स्वरूपात येत असल्याने अशा सामायिक कॅशेचे क्षेत्र आकुंचित झाले आहे. तथापि साठ्याची किंमत मोजताना सूचीची किंमतही मोजली पाहिजे, हा त्याच्या इतिहासाचा बोध अबाधित आहे.