डासदंश प्रतिबंध, उष्ण कटिबंधीय प्रवासातील

डासांच्या दंशापासून प्रवाशाने करावयाचे रक्षण आणि दंश झाल्यावर करावयाचे उपचार यांचा समावेश या विषयात होतो. उष्ण कटिबंधातील तपमान व आर्द्रता ही दोन्ही डासांच्या वाढीस अनुकूल असल्याने तेथे डासांचा उपद्रव वर्षातील बराच काळ चालू राहतो. रक्त केवळ मादी शोषते. अंड्यांच्या वाढीसाठी तिला रक्तातील प्रथिनांची आवश्यकता असते. दंशाने उठणारी गांधी व खाज ही त्रासदायक खरी. पण हिवताप, पीतज्वर, डेंग्यू, हत्तीरोग यांसारखे रोग दंशावाटे पसरतात, हे दंशाचे खरे महत्त्व होय. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सिद्ध झालेली नव्हती. त्यामुळे या विषयाच्या इतिहासाचे दोन कालखंड पडतात. पहिल्या कालखंडात प्रवासी सुखाने झोप लागावी म्हणून डास टाळीत असे आणि तापाचे कारण अन्यत्र शोधीत असे. दुसऱ्या कालखंडात दंश टाळणे हाच ताप टाळण्याचा प्रमुख मार्ग ठरला.

प्राचीन उपाय : ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस (इ. स. पू. पाचवे शतक) याने ईजिप्तमधील दोन प्रथांची नोंद केली आहे. दलदलीच्या वरच्या भागातील लोक उंच मनोऱ्यांत झोपत, कारण वाऱ्यामुळे डास तेथवर पोहोचत नसत. दलदलीलगत राहणारे लोक दिवसा ज्या जाळ्याने मासे पकडीत, तेच रात्री अंथरुणाभोवती लावीत. संस्कृतातील ‘मशकहरी’ व हिंदीतील ‘मसहरी’ हे शब्द मच्छरदाणीच्या वापराचे निदर्शक आहेत. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मशकांचे सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण व पार्वतीय असे पाच प्रकार दिले आहेत. त्यांच्या दंशाने तीव्र खाज व सूज येते, असे तेथे म्हटले असून पार्वतीय मशकाचा दंश प्राणघातक कीटकांच्या दंशासारखा मानला आहे. कडुनिंबाचा पाला किंवा शेणाच्या गोवऱ्या धुमसवून डास घालविण्याची रीत भारतात अनेक ठिकाणी रूढ आहे.

दूषित हवेची कल्पना : दलदलीतून निघणाऱ्या दूषित हवेमुळे ताप येतो, ही समजूत यूरोपात दीर्घकाळ प्रचलित होती, ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा मूळ अर्थही ‘वाईट हवा’ असाच आहे. दलदलीजवळ मुक्काम करू नये, वरच्या मजल्यावर निजावे, रात्रीची हवा टाळावी, असा उपदेश प्रवाशांना केला जाई. त्यामागील कारणमीमांसा चुकीची असली, तरी या उपायांनी डासांशी येणारा संबंध काही प्रमाणात कमी होत असे. याउलट, तीच कल्पना घातकही ठरू शके. १८४१ मध्ये नायजर नदीवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेच्या जहाजांवर बाहेरील हवा शुद्ध करून आत सोडण्याची खास यंत्रणा बसविली होती. तरीही मोहिमेतील बहुसंख्य यूरोपियन तापाने आजारी पडले व त्यांपैकी सु. ४० जण मरण पावले. १८५४ मध्ये विल्यम बॅल्फोर बेकी (१८२५–६४) यांनी त्याच नदीवरील प्रवासात आपल्या माणसांना नियमितपणे क्विनीन दिले आणि एकही यूरोपियन तापाने दगावला नाही. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन १८२० मध्येच वेगळे करण्यात आले होते. तापाचे कारण अज्ञात असतानाच त्याचा प्रतिबंध करण्याचे साधन अशा प्रकारे हाती आले.

डास व रोग यांचा संबंध : हत्तीरोगाचे कृमी डासाच्या शरीरात वाढतात, असे पॅट्रिक मॅन्सन (१८४४–१९२२) यांना चीनमधील अमॉय येथे १८७७ मध्ये आढळून आले. रॉनल्ड रॉस (१८५७–१९३२) यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाच्या परजीवीची अवस्था पाहिली. पुढील वर्षी कलकत्ता येथे पक्ष्यांमधील हिवताप डासांच्या दंशाने पसरतो, हे त्यांनी सिद्ध केले. मानवी हिवताप ॲनॉफेलीस डासांमुळे पसरतो, हे इटलीत जोव्हान्नी बात्तीस्ता ग्रास्सी व त्यांचे सहकारी यांनी १८९८ मध्ये दाखविले. प्रवाशांच्या दृष्टीने निर्णायक ठरलेला प्रयोग मात्र उष्ण कटिबंधाबाहेर, रोमजवळील हिवतापग्रस्त प्रदेशात झाला. मॅन्सन यांच्या योजनेनुसार लुईजी सांबॉन, जॉर्ज लो व त्यांचे सहकारी १९०० च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ऑस्टियाजवळ एका लाकडी घरात राहिले. त्याच्या दारांना व खिडक्यांना तारेची बारीक जाळी लावली होती. दिवसा ते मोकळेपणाने बाहेर हिंडत व सूर्यास्तापूर्वी घरात परतत. रात्रीची तथाकथित दूषित हवा जाळीतून आत येतच होती आणि त्यांनी क्विनीनही घेतले नव्हते. तरीही कोणासही हिवताप झाला नाही. त्याच वर्षी रोममधील रुग्णांचे रक्त शोषलेले डास लंडनला पाठविण्यात आले. त्यांनी दंश केल्यावर मॅन्सन यांच्या मुलाला हिवताप झाला.

पीतज्वराचा प्रसार डासामुळे होतो, हे मत हॅवॅना येथील कार्लोस फिन्ले (१८३३–१९१५) यांनी १८८१ मध्ये मांडले होते. वॉल्टर रीड (१८५१–१९०२) यांच्या मंडळाने १९०० मध्ये त्यास प्रायोगिक आधार दिला. या रोगाचा वाहक ईडिस ईजिप्ती हा डास मुख्यतः दिवसा चावतो व घरातील साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून केवळ रात्रीची मच्छरदाणी प्रवाशाला पुरेशी नाही, हेही स्पष्ट झाले.

पनामा व मुंबई येथील अनुभव : पनामा कालव्याच्या फ्रेंच प्रयत्नात (१८८१–८९) सु. २० हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेथील रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून पलंगाच्या पायांखाली पाण्याची भांडी ठेवीत व त्यांतच डासांची पैदास होई. अमेरिकन कारकीर्दीत (१९०४–१४) विल्यम गॉर्गस (१८५४–१९२०) यांनी साचलेल्या पाण्याचा निचरा करणे, त्यावर तेल टाकणे, घरांना धुरी देणे व जाळ्या बसविणे हे उपाय योजून पीतज्वराचे उच्चाटन केले. परंतु जाळ्या लावलेली घरे मुख्यतः गोऱ्या अमेरिकन कर्मचाऱ्यांसाठी होती. रोग व अपघात मिळून या काळात ५,६०९ मृत्यू झाले, त्यांपैकी सु. ४,५०० वेस्ट इंडीजमधून आलेल्या मजुरांचे होते. कामासाठी प्रवास करणाऱ्या या मजुरांना संरक्षणाचा लाभ सर्वांत कमी मिळाला.

डासांचा धोका जंगल व दलदल यांपुरता मर्यादित नसतो, हे मुंबईच्या उदाहरणावरून कळते. चार्ल्स बेंटली यांनी येथील हिवतापाच्या कारणांचा तपास केला. त्यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. भर वस्तीतील विहिरी व पाण्याच्या टाक्या यांत वाढणारा ॲनॉफेलीस स्टीफेन्साय हा डास त्यास मुख्यतः जबाबदार असल्याचे दिसून आले. हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूती येथे आढळला व पुढे शेजारील देशांतही पसरला. त्यामुळे तेथील शहरांतही हिवतापाचा धोका वाढला आहे.

रसायने व औषधे : डास दूर ठेवण्यासाठी गवती चहाच्या जातीतील वनस्पतीपासून मिळणारे सिट्रोनेला तेल पूर्वीपासून वापरात होते, त्याचा परिणाम अल्पकाळ टिकतो. अमेरिकन सैन्यासाठी १९४६ मध्ये ‘डीट’ हे प्रतिवारक द्रव्य तयार करण्यात आले आणि १९५७ पासून ते सामान्य जनतेस उपलब्ध झाले. पाउल म्यूलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला. जागतिक आरोग्य संघटनेने १९५५ मध्ये हिवताप निर्मूलनाची मोहीम डीडीटीच्या भरवशावर हाती घेतली. परंतु डासांमध्ये प्रतिकारक्षमता निर्माण झाली व १९६९ मध्ये हे धोरण बदलावे लागले. क्लोरोक्विनाचीही गत तीच झाली : १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस थायलंड–कंबोडिया सीमेवर व कोलंबियात या औषधाला न जुमानणारे परजीवी आढळू लागले. पीतज्वरावरील १७डी ही लस (१९३७) मात्र आजही प्रभावी आहे. भारतात या रोगाचा वाहक डास विपुल असून रोग नाही. म्हणूनच पीतज्वराच्या प्रदेशातून येणाऱ्या प्रवाशाकडे लशीचे प्रमाणपत्र मागितले जाते. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते व २०१६ पासून आजन्म ग्राह्य धरले जाते.

एकाच द्रव्यावर विसंबणारे उपाय अशा रीतीने दुबळे ठरत गेले. त्वचा व डास यांच्यात आड येणारी मच्छरदाणी टिकून राहिली. १९८० नंतरच्या दशकात ती परमेथ्रीनासारख्या कीटकनाशकात भिजवून वापरण्याच्या पद्धतीची भर पडली.

सांप्रतचे उपाय व उपचार : प्रवाशाने अंग झाकणारे, सैल व फिकट रंगाचे कपडे घालावेत. उघड्या त्वचेवर डीट अथवा पिकॅरिडीन असलेले द्रव्य लावावे. सूर्यतापरोधक मलम वापरावयाचे असल्यास ते आधी लावावे. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात व तिला भोक नाही हे पहावे. हिवतापाच्या प्रदेशात जाण्यापूर्वी वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधक औषध सुरू करावे आणि परतल्यावरही ठरलेल्या मुदतीपर्यंत ते घ्यावे.

दंशाची खाज डासाच्या लाळेतील प्रथिनांमुळे उद्भवते. दंशाची जागा साबण व पाण्याने धुवून थंड पाण्याची घडी ठेवावी. कॅलामाइन, सौम्य हायड्रोकॉर्टिसोन मलम किंवा हिस्टामीनरोधी गोळी यांनी आराम पडतो. खाजविल्याने त्वचा फाटून जंतुसंसर्ग होतो, म्हणून ते टाळावे.

प्रतिबंधाचा कोणताही उपाय परिपूर्ण नाही. प्राणघातक अशा फाल्सिपॅरम हिवतापाची लक्षणे दंशानंतर साधारणपणे सात दिवसांनी किंवा त्यानंतर दिसतात. व्हायव्हॅक्स प्रकारचे परजीवी यकृतात अनेक महिने सुप्त राहू शकतात. म्हणून प्रवासात अथवा परतल्यानंतर वर्षभरात ताप आल्यास तो साधा समजून अंगावर काढू नये. वैद्याला प्रवासाची माहिती द्यावी व रक्ताची तपासणी त्वरित करून घ्यावी. डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरीन किंवा आयबुप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल घेणे सुरक्षित असते. फाल्सिपॅरम हिवताप वेळीच ओळखल्यास बहुधा पूर्ण बरा होतो. विलंब झाल्यास काही दिवसांतच मृत्यू ओढवू शकतो.